शुद्धिपत्र

लेइदा कूसेमेत्स सत्तरीच्या झाल्या.
विद्यापीठाला त्यांचा गौरव करायचाय,
म्हणून ग्रंथालयातल्या मला निरोप:
बाईंची यादी काढ. निबंध किती,
कुणी कुणी उल्लेख केला, एकूण वजन किती.

बाहेर तार्तूत उणे अठरा.
नदी गोठून पडलीय, एक म्हातारा तिच्यावरून
सायकल ढकलत पलीकडे निघालाय.
मी यंत्राला नाव विचारते.
यंत्र म्हणतं, तीन बायका आहेत.

एक कूसेमेत्स, निबंध चौपन्न.
एक कुसेमेत्स, अकरा. तिचा दीर्घ ऊ
लेनिनग्राडच्या जुळाऱ्याने ऱ्हस्व करून टाकला.
आणि एक सारेपू, फक्त दोन, सन एकोणऐंशी.
पहिल्या नवऱ्याचं घर सोडून बाई निघून आल्या,
निबंध मात्र राहिले सासरी.

तिघींना एका घरात नांदवायला
मला दोन दिवस लागले.

मग वजन. औषधाला गुण असतो
तसा मासिकालाही असतो म्हणे, दर जूनमध्ये बदलतो.
त्या हिशोबाने सगळ्यात जड
ब्याण्णवचा निबंध, इंग्रजीत छापलेला पहिला:
गुंगीचं एक औषध
नवजात पिल्लांच्या रक्तात किती वेळ रेंगाळतं.
उल्लेख चारशे बारा.
कुलगुरूंच्या कचेरीने हा आकडा
निमंत्रणावर सोनेरी शाईत मागितलाय.

त्याच्याच खाली, पुढच्या वर्षीची, दोन ओळींची नोंद:
तक्ता तीन, ओळ सहा.
०.४ च्या जागी ०.०४ वाचावे.
उल्लेख तीन. त्यातले दोन त्यांचेच.

मी यादी घेऊन वर गेले.
खोलीत इथरचा जुना वास,
खिडकीत रिकाम्या बाटल्यांत लावलेले कांदे.
"शून्य माझ्याच बोटाखालून निसटलं," बाई म्हणाल्या.
"त्या हिवाळ्यात इमारतीत ऊब नव्हती,
मी हातमोजे घालून टंकत होते.
हे कारण नाही. नुसतं सांगते."

मग त्यांनी कपाट उघडलं.
बुटांच्या खोक्यांत कार्बन प्रती, सालवार.
ज्याने ज्याने चुकीचा आकडा उचलला
त्याला त्याला पत्र, हाताने लिहिलेलं:
ओसाका, क्राको, मोन्तेविदेओ, पर्थ.
दोनशे अठ्ठ्याऐंशी पत्रं. उत्तरं एकतीस.
एकाने लिहिलंय, आभारी आहे,
आपल्या निबंधाचा उल्लेख पुढेही करत राहीन.

माझ्या खात्यात उतारा म्हणजे
दुसऱ्याच्या लेखातून काढून घेतलेल्या ओळी.
त्यांच्या खात्यात उतारा म्हणजे
विषावर द्यायचं औषध.
चारशे बारा उतारे,
आणि उतारा नाही.

"पत्रांचा रकाना आहे का?" त्यांनी विचारलं.
नाही म्हटलं.
"ओइए मागीचा?" काचसामान धुणारी, एकवीस वर्षं,
सशांना नावाने हाक मारायची.
तिचाही नाही.

"आणि तो तिसरा कोण?"

शोधायला संध्याकाळ गेली.
व्होरूच्या इस्पितळातली औषधवाली, हेल्यू रॉस,
जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात तिचं अर्धं पान.
यंत्राने ते कुठून उचललं देव जाणे.
तिने शुद्धिपत्र वाचलं, मात्रा बदलली,
आणि शेवटी एक वाक्य लिहिलं:
आता बाळं ठरल्या वेळी जागी होतात.

बाईंनी ते दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा तोच घातला.
"हे तिचं काम आहे, माझं नव्हे," म्हणाल्या,
आणि पेन्सिल मागून घेतली.

चारशे बारावर काट मारतील असं मला वाटलं.
त्यांनी मारली नाही. आकडा खरा होता.
फक्त त्याच्यापुढे एक चांदणी काढली, खरखरीत,
आणि पानाच्या तळाशी, जिथे कुणी बघत नाही,
तिच्यासमोर लिहिलं: तक्ता तीन, ओळ सहा.

निमंत्रणं आज छापून आली.
सोनेरी आकडा आहे.
चांदणी, छपाईवाल्याला वाटलं,
नक्षी असेल. चारी कोपऱ्यांत लावलीय.